काडी पाहून मत

जात पाहून, पक्ष पाहून, नाहीतर शेजाऱ्यावर राग काढायला म्हणून मत देणारे पुष्कळ आहेत. अगरबत्तीची काडी पाहून मत देणारा माणूस मात्र पृथ्वीतलावर एकच, आणि तो माझा साडू आहे.

साडूभाऊ मूल गावाजवळच्या बांबूच्या काड्यांच्या कारखान्यात मशीन चालवायचे. त्यांच्या मशीनच्या पात्याला बारीक खाच होती, त्यामुळे प्रत्येक काडीवर केसाएवढी रेघ उठे. मग सरकारचा दूरच्या कुठल्याशा देशाशी करार झाला, तिकडच्या गुळगुळीत काड्या बिनजकातीच्या येऊ लागल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. जंगलात बांबू तसाच उभा, आणि साडूभाऊ ठेकेदाराच्या बसने रोज ऊर्जानगरच्या वीज केंद्रात राख उपसायला. तेव्हापासून हा माणूस कुठेही गेला की आधी विझलेली अगरबत्ती हातात घेतो. चुलत्याच्या तेरवीला त्यांनी फोटोपुढची काडी चष्म्याशी धरून भरल्या घरात जाहीर केलं, "बाहेरची हाये!" रडणारी माणसंही क्षणभर थांबली.

कुठल्याही पक्षाच्या प्रचाराचा नारळ फुटो, हे हजर. भाषण ऐकत नाहीत, काडी तपासतात. "गावात रोजगार आनतो म्हनते अन् काडी बाहेरची लावते. काऊन देऊ मत?" असं म्हणून सगळ्यांना नापास करून मतदानाच्या दिवशी घरी झोपतात.

गेल्या निवडणुकीत मात्र घरासमोरच्या देवळात एका उमेदवाराने लावलेल्या अगरबत्तीवर त्यांना ती रेघ दिसली. "हा कारखाना उघडन!" म्हणत साडूभाऊंनी त्याच दिवशी त्याच्या प्रचारासाठी आख्खी गल्ली पालथी घातली. संध्याकाळी मेहुणीचा मला घाबराघुबरा फोन. "भाऊजी, त्याईची मानसं अगरबत्ती आनाले विसरली. मीच दिली. शेवटच्या दिवशी कारखान्यातून आनलेल्या काड्यांची, घरी वळलेली. आता याईले कसं सांगू?"

मत पडेपर्यंत सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. साडूभाऊ शाईचं बोट दाखवत आले तेव्हा मी चाचरत सगळं सांगून टाकलं.

"मले मालूम हाये," ते म्हणाले. "त्याच रात्री देवघरातला पुडा हलका लागला."

"मग मत काऊन दिलं?"

"इतक्या वर्षांत पयल्यांदाच कोन्या पुढाऱ्याच्या हातात माही काडी पाह्यली, भाऊ."

तो उमेदवार निवडून आला. कारखान्याचं कुलूप तसंच आहे. परवा गेलो तेव्हा साडूभाऊ देवघरातला पुडा हातात घेऊन बसले होते. आत किती राहिल्यात ते मी विचारलं.

"सात," ते म्हणाले, आणि पुडा बायकोकडे दिला. "सांभाळून ठेव वो. पुढच्या निवडणुकीले लागतीन."

मला हसायचं होतं, पण ते जमलं नाही.