दादा कुणाच्या कंपनीत होते

जर्मनीत इंगोलश्टाटला मी कामाला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावर दादा बसायचे. मूळचे नाशिकचे, माझ्याहून बरेच मोठे. गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासणं हे आमचं दोघांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कँटीनमध्ये नेलं, शाकाहारी जेवण कुठे मिळतं ते दाखवलं आणि म्हणाले, "आमची कंपनी चांगली आहे गं. माणसं बोलायला वेळ लावतात, पण एकदा बोलायला लागली की मनापासून बोलतात."

खरं तर ती कंपनी आमची दोघांचीही नव्हती. आम्ही 'एक्स्टर्न', म्हणजे बाहेरचे. मला एका एजन्सीने स्वतःच्या नोकरीवर घेऊन इथे पाठवलं होतं. माझा पगार, रजा, आजारपण ती एजन्सीच बघायची, आणि तिचं ऑफिस स्टेशनजवळच होतं. दादांचं प्रकरण आणखी लांबचं होतं. एजन्सीने त्यांना फक्त काम मिळवून दिलं होतं. कागदोपत्री ते तिसऱ्याच एका कंपनीचे नोकर होते. अशा कंपनीला अंब्रेला म्हणतात.

"एजन्सी बदलली, काम बदललं, तरी छत्री तीच राहते," ते मला समजावून सांगायचे. "व्हिसाला धक्का नाही. पोरीची शाळा मधेच सोडवायला नको."

ती छत्रीवाली कंपनी उत्तरेकडच्या एका शहरात होती. दादा तिथे कधी गेले नव्हते.

आमच्या मजल्यावरचा एक जुना कर्मचारी वारला, तेव्हा खाली रिसेप्शनपाशी त्याचा फोटो ठेवला होता. शेजारी मेणबत्ती आणि शोकसंदेश लिहायला एक वही. दादा कितीतरी वेळ तिथे उभे राहिले. जेवताना म्हणाले, "माणसाचा मान ठेवतात बघ इथे." घरी जाऊन वहिनींनाही त्यांनी ते सगळं सांगितलं होतं.

त्यानंतर वर्षभरातच, एका शनिवारी सकाळी, डोनाऊ नदीच्या काठाने सायकल चालवताना दादा कोसळले. ॲम्ब्युलन्स आली, पण उपयोग झाला नाही. वहिनींचा मला फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या. आवाज अगदी कोरडा होता.

"हे गेले गं," त्या म्हणाल्या. "ऑफिसला तू कळवशील ना? मला त्यांच्याशी जर्मन बोलायला जमायचं नाही."

मी आमच्या टीमच्या प्रमुखाला फोन केला. उंच, मितभाषी बव्हेरियन माणूस. तो म्हणाला, "सोमवारी मी बघतो काय करता येतं ते."

सोमवारी त्याने खालच्या कार्यालयात फोटोचं विचारलं. ते म्हणाले, दुःख आहे, पण फोटो आपल्या कर्मचाऱ्यांचाच लावतो. बाहेरच्या माणसाचं त्याच्या मालकाने बघायचं. मी एजन्सीला फोन केला. तिथला माणूस सौम्यपणे बोलला, पण त्याचंही म्हणणं तेच, की ते आमचे नोकर नव्हते, त्या दुसऱ्या कंपनीचे होते. शेवटी मी उत्तरेकडे फोन लावला. एका मुलीने उचलला. दादांचं आडनाव मी एकेक अक्षर करून सांगितलं. तिला ते सापडलं.

"दर महिन्याला त्यांचा पगार मीच काढते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "काय काम करायचे हो ते?"

मी सांगितलं. ब्रेक, चाचण्या, सगळं. ती ऐकत राहिली. मला तिचा राग येईना. पण फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले. ज्यांचे ते नोकर होते त्यांना माणूस माहीत नव्हता, आणि ज्यांना माणूस माहीत होता त्यांचे ते कुणी नव्हते.

त्याच आठवड्यात वहिनी दादांचं सामान न्यायला आल्या. गेटवर त्यांना पाहुण्यांचा पास दिला. टेबलावर प्रमुखाने स्वतःच्या घरच्या बागेतली फुलं आणून ठेवली होती. वहिनींनी आधी रिसेप्शनपाशी इकडेतिकडे पाहिलं होतं. त्या काय शोधत होत्या ते मला कळलं.

"ह्यांची खुर्ची हीच?" त्यांनी विचारलं आणि तिच्यावर बसल्या. टेबलावरून हात फिरवला. मग प्रमुखाकडे बघून मला म्हणाल्या, "त्यांना विचार, हे तुमचेच होते ना?"

मी जर्मनमध्ये विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"हो," तो म्हणाला. "आमचेच. दुसऱ्या कुणाचे असणार?"

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही.

अंत्यसंस्काराला अख्खी टीम आली. ऑफिसकडून त्यासाठी सुट्टी नव्हती, प्रत्येकाने आपापली रजा टाकली होती. एकाने दादांनी त्याच्या चुका किती शांतपणे दाखवल्या होत्या ते सांगितलं. मी वहिनींच्या शेजारी बसून हळू आवाजात त्याचं मराठी करत होते. वहिनी मान हलवत होत्या, जणू हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

शाळेचं वर्ष संपल्यावर वहिनी मुलीला घेऊन नाशिकला परतल्या. माझाही करार पुढे वाढला नाही. एजन्सीने मला रेगेन्सबर्गला काम दिलं, आणि मी गेले.

मध्ये एकदा वहिनींचा फोन आला. त्या एका शिशुवर्गात शिकवायला लागल्या आहेत. मुलीचं विचारलं, तर म्हणाल्या, "शाळेत जाते, जेवते, पण बोलत नाही फारसं. तू बोल जरा तिच्याशी."

मुलीने फोन घेतला. मी सहज जर्मनमध्ये विचारलं, कशी आहेस. ती हुंदके देऊन रडायला लागली. किती दिवसांत तिच्याशी त्या भाषेत कुणी बोललं नव्हतं. दादा तिच्याकडून रोज एखादा नवा जर्मन शब्द शिकायचे, चुकीचा म्हणायचे आणि ती त्यांना हसायची, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं.