मोरपंखीची हिरवी बाजू

झाड हिरवं पडलं म्हणून धास्तावणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या आत्तीच्या वाट्याला आला. आत्तीचे यजमान म्हणून आम्ही त्यांना मामा म्हणतो. सगळं खानदान गडहिंग्लजकडं ऊस पिकवतं. मामांनी मात्र निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या घरापुढं मोठ्या कुंडीत सोनेरी मोरपंखी लावली. ही जात मुळातच पिवळी. ऊन जास्त लागलं की करपते, कमी पडलं की हिरवी होते, त्यामुळं मामांच्या जिवाला स्वस्थता अशी नाहीच. दुपारभर ते झाडावर छत्री धरतात, मग सावली फार झाली या भीतीनं मिटतात, की पुन्हा उघडतात. "मला ऊन लागलं तर पदर घे म्हणत्यात, आणि झाडाला छत्री," असं आत्तीचं म्हणणं. एखादी फांदी हिरवी दिसली की मामा कात्री आणायला धावतात. त्यात येणारा जाणारा फाटकातूनच ओरडतो, "अवो, झाड वाळाय लागलंय की तुमचं!" मग मामा हातातला घास ठेवून बाहेर येतात. "वाळाय न्हाय लागलं, सोनेरी हाय त्ये!" त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

त्यांची लेक, आमची ताई, कॅनडात असते. तिचा व्हिडिओ कॉल आला की मामा हवापाण्याची चौकशी बाजूला ठेवून फोन झाडापुढं धरायचे. सोनं दिसतंच आहे, मग वेगळं सांगायचं काय, असं त्यांना वाटायचं. गेल्या दिवाळीला ती येणार असं ठरलं आणि मामांची झोप उडाली. तिनं झाड समोरासमोर पाहिलंच नव्हतं. ती येईल तेव्हा ते झळाळायला हवं होतं. नेमके मामा जोतिबाला गेलेले असताना त्यांचे थोरले भाऊ आले, पिवळं झाड बघून हळहळले, आणि गाडीतला उसाचा युरिया मायेनं मुळाशी घालून गेले. दिवाळीपर्यंत मोरपंखी गर्द हिरवी झाली. हिरवं तेवढं छाटायचं म्हटलं तर झाडच उरलं नसतं. "सोनं कुठं गेलं म्हणाली तर काय सांगू?" मामा मला सारखे विचारत. भावाचा फोन आला, "आता कसं हाय झाड?" मामा म्हणाले, "हिरवंगार हाय, दादा," आणि फोन ठेवून कट्ट्यावर बसून राहिले.

ताई गाडीतून उतरली, झाडापुढं थबकली आणि तिचे डोळे भरले. मामांचा चेहरा पार उतरला.

"पप्पा, किती हिरवं झालंय! फोनवर कायम वाळल्यागत दिसायचं. वाटायचं, तुमच्याकडनं आता पाणी घालणंबी होत न्हाय. विचारायला भ्या वाटायचं."

सोनेरी म्हणून सगळ्या गल्लीशी भांडलेल्या मामांनी एका हिरव्या फांदीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "व्हय की. आता बरं हाय त्ये. आमीबी दोघं बरं हाय."

ताई परत गेली. युरियाचा जोर ओसरला, झाड पुन्हा पिवळं होऊ लागलं, आणि मामांची कात्री पुन्हा चालू झाली. भिंतीकडच्या हिरव्या फांद्यांना मात्र ते हात लावत नाहीत. ताईचा फोन यायची वेळ झाली की धापा टाकत कुंडी फिरवतात आणि ती बाजू पुढं आणतात. परवा मी म्हटलं, "मामा, खरं सांगून टाका की."

"लांब ऱ्हाती पोर," ते म्हणाले. "तिच्या जिवाला आणि घोर कशाला?"

तेवढ्यात आतून फोन वाजला. मामा घाईघाईनं वाकले, आणि मीही कुंडीला हात लावला.