रायफलचा बोल्ट

बाबांनी शिकार सोडली तेव्हा उज्जैनच्या राम घाटावर संकल्प केला होता की घरच्या रायफलने पुन्हा जनावर मारले जाणार नाही. त्यानंतर ती फक्त दसऱ्याच्या पूजेला बाहेर निघे. तिचा बोल्ट वेगळा ठेवलेला असे. त्याशिवाय गोळी उडत नाही. तो देवघरातल्या पितळी डब्यात असतो, हे बाबांना आणि मलाच माहीत होते.

नव्वदीच्या दशकात मोठ्या भावाचा धंदा वाढला. आफ्रिकेत नेमबाजीची स्पर्धा आहे असे सांगून त्याने रायफल मागितली. परवान्यावर त्याचेही नाव होते. बाबा बोल्ट खिशात घेऊन मुंबईच्या विमानतळापर्यंत आले. मी सोबत होतो.

काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कागद पाहून सहज विचारले, “शिकार के लिए जा रहे हैं?”

“नहीं, कॉम्पिटिशन है,” बाबा म्हणाले. त्याने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. बाबांनी तो वाचला. कारणापुढे ‘शिकार’ लिहिले होते. ते भावाकडे वळले.

“घरी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही दिली असती का? द्या आता बोल्ट, मागे लाइन लागलीये.”

बाबांनी खिशातून हात काढला नाही.

“राहू द्या. तिकडे भाड्यानेही मिळते,” म्हणत भाऊ एकटाच आत गेला.

रायफल घेऊन आम्ही रेल्वेने उज्जैनला निघालो. वाटेत बाबांनी विचारले, “तुला माहीत होतं?”

तो अर्ज मीच तिथल्या फ्रीगंज बाजारात टाइप करून घेतला होता. “हो,” मी म्हणालो.

त्या दसऱ्याला मी पितळी डबा उघडला. तो रिकामा होता. बाबांनी बोल्ट स्वतःच आणून पाटावर ठेवला. कुठून आणला, ते त्यांनी सांगितले नाही.