यंदा निरोप कुणाचा

शाळा म्हणायची, पण होता तो एक जुना दुमजली बंगला. कधीकाळी तिथं एक डॉक्टर राहायचे. त्यांच्या दिवाणखान्यात आता पहिलीचा वर्ग भरे, न्हाणीघरात ग्रंथालय होतं आणि स्वयंपाकघरात हस्तकलेच्या बाई बसत. तिथला ओटा आणि सिंक त्यांनी कुणाला काढू दिलं नव्हतं. ब्रश धुवायला, डिंकाचे हात धुवायला आणि रडून आलेल्या पोराचं तोंड धुवायला यापेक्षा चांगली सोय दाखवा, असं त्या विचारत. त्यांच्या गळ्यात फितीला बांधलेली कात्री असे, म्हणून मुलं त्यांना कात्रीबाई म्हणत. शिक्षकही तेच म्हणत, पण ते बाईंच्या जिभेमुळे.

बाई या शाळेत आल्या त्या पडदे शिवायला. नवरा अचानक गेला, मुलगी पहिलीत, आणि घरात कमाईचं साधन म्हणजे एक शिलाई मशीन. पडदे शिवून झाले तरी बाई जाईनात. आधी नाटकाचे कपडे, मग फळ्यांची सजावट, मग हस्तकलेचे सर आजारी पडले म्हणून त्यांचे तास. सर पुढं खडखडीत बरे झाले, पण बाईंच्या हातून तास परत घ्यायची त्यांची छाती झाली नाही. मुलगी याच बंगल्यात शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, आणि बाई ओट्याशी राहिल्या त्या राहिल्याच.

शाळेत एक रीत होती, आणि ती बाईंनीच घालून दिलेली होती. वर्षअखेरच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक वर्षभराच्या बातम्या वाचून दाखवत आणि शेवटी, कुणी शाळा सोडून जाणार असेल तर त्याला मंचावर बोलावून निरोप देत. फार पूर्वी संगीताच्या सरांना या निरोपाची आगाऊ खबर लागली. त्यांनी असं लांबलचक भाषण तयार करून आणलं, की पहिली-दुसरीची पोरं ओळीनं आडवी झाली. त्या दिवसापासून बाईंनी नियम केला, की जाणाऱ्या माणसाला निरोपाची कुणकुणसुद्धा लागता कामा नये. त्याच्यासमोर त्याच्या जाण्याचा विषय काढायचा नाही, त्यानं काढला तर टाळायचा. मुलं गुपचूप पुठ्ठ्याच्या खोक्यात त्या माणसाच्या कामाच्या जागेचा कागदी देखावा करत आणि ऐन वेळी त्याच्या हाती देत. संगीताच्या सरांनंतर जो कुणी गेला, तो मंचावर उभा राहून हेच म्हणाला, की मला काही माहीतच नव्हतं. त्यावर हमखास टाळ्या पडत. या शाळेत प्रश्नपत्रिका फुटली असती, पण निरोप फुटला नसता.

बाईंची आणखी एक सवय होती. संमेलन जवळ आलं, कागदांचा ढीग साचला, खांदे भरून आले, की त्या म्हणत, "हे माझं शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मला धरू नका." हे ऐकल्याशिवाय संमेलनाची तयारी सुरू झाली असं कुणाला वाटत नसे. जुने शिक्षक माना डोलवत आणि चहा मागवत.

यंदा मुख्याध्यापिका नव्या आल्या होत्या. वयानं शाळेतल्या बहुतेकांपेक्षा लहान, पण पदामुळे सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. कामाला वाघ, आणि ऐकलेलं प्रत्येक वाक्य मनावर घेणाऱ्या. कात्रीबाईंनी त्यांना विचारलं होतं, की यंदा निरोप कुणाचा, देखावा कसला करायचा? मोठ्या बाई गालात हसून म्हणाल्या, यंदा कुणाचाच नाही. बाईंना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण बाकीची कामं डोक्यावर होती.

संमेलनाच्या संध्याकाळी अंगण पालकांनी भरून गेलं होतं. कात्रीबाई पडद्याची दोरी धरून मंचाच्या कडेला उभ्या होत्या. मोठ्या बाई बातम्या वाचत होत्या. पाण्याची टाकी अखेर गळायची थांबली. चित्रकलेत शाळेचा तिसरा क्रमांक आला. गणिताच्या सरांना जुळं झालं आणि सर वर्गात तीनदा उभ्या उभ्या झोपले. पालक पोट धरून हसत होते. बाईही हसत होत्या.

तेवढ्यात सातवीची चार मुलं कापडानं झाकलेलं एक मोठं खोकं घेऊन त्यांच्या जवळून मंचावर गेली.

बाईंचे कान उभे राहिले. आपल्याला न विचारता देखावा? "कुणाचं आहे रे?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. एकाही पोरानं मान वळवली नाही. बाई चिडल्याच. निरोप कुणाला आणि मला पत्ता नाही, हा काय प्रकार, असं त्यांच्या मनात आलं.

गणिताच्या सरांनी कापड काढलं. आधी बाईंना दिसला तो एक नळ, कागदाची बारीक गुंडाळी करून केलेला, छान बाक दिलेला. हात बसलाय पोरांचा, असं त्यांना वाटलं. मग नळाखालचं सिंक दिसलं. मग ओटा. ओट्याशी उभी असलेली एक कागदी बाई, केस पांढरे. शाळेत ओटा असलेली खोली एकच होती.

"आपल्या सगळ्यांच्या लाडक्या कात्रीबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "यंदा आपला निरोप घेत आहेत."

बाईंच्या हातातून दोरी सुटली. पडदा अर्ध्यावर येऊन लोंबकळला आणि लोक हसले. बाईंना ते हसणं लांबून कुठून तरी आल्यासारखं ऐकू आलं. आपल्याला काढलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. का काढलं, कधी काढलं, आणि काढायचं होतं तर सकाळपासून राबवून का घेतलं? कुणीतरी हाताला धरून त्यांना मंचाच्या मधोमध नेलं. समोर पाहतात तर पहिल्या रांगेत त्यांची मुलगी. कालच फोनवर सर्दी झालीये म्हणाली होती. ती डोळे पुसत हसत होती.

"जमलं की नाही?" गणिताचे सर कानाशी कुजबुजले. "तुमच्याकडूनच शिकलोय सगळे."

मोठ्या बाई पुढं सांगत होत्या, की हा देखावा मुलांकडून करून घेतला तो पुढच्या वर्षीच्या हस्तकलेच्या बाईंनी. रांगेतली एक तरुण मुलगी उठली, संकोचून वाकली आणि बसली. बाईंच्या सुट्टीच्या दिवशी ती येत होती म्हणे, त्यांच्याच स्वयंपाकघरात. डिंकाची बाटली भलत्याच फडताळात सापडली म्हणून बाईंनी फाटकावरच्या मामांना फैलावर घेतलं होतं. मामांनी ते खाली मान घालून ऐकून घेतलं होतं. मामांना माहीत होतं. मुलांना माहीत होतं. पोटच्या पोरीला माहीत होतं.

त्यांच्यासमोर माईक आला.

"मला हे माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाही, खरंच माहीत नव्हतं. मी जाणार आहे, हे मला आत्ता कळतंय."

आता तर लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे इतक्या प्रेमानं बघत होते, की त्यांनी माईक परत दिला. त्या खाली उतरल्या.

लोक फराळाकडे वळले तशा बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. जरा वेळानं मोठ्या बाई त्यांना शोधत आल्या, मागोमाग गणिताचे सर.

"मला का काढलंत?" बाईंनी विचारलं.

मोठ्या बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. "काढलं? बाई, तुम्हीच सांगितलंत मला. पताका कापत होतात तेव्हा. मी विचारलं, नक्की ना? तुम्ही म्हणालात, नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ समजा."

"मी दर वर्षी म्हणते ते."

"मला कसं माहीत असणार? मी इतरांना सांगितलं, तर सगळ्यांनी नुसतं तोंडावर बोट ठेवलं."

बाईंनी सरांकडे पाहिलं. सर चाचरत म्हणाले, की मोठ्या बाईंनीच सांगितलं म्हटल्यावर या वेळी खरं असेल असं वाटलं. धक्का बसला होता, दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, पण विचारायचं कुणाला? जाणाऱ्या माणसाला विचारायचं नाही, हा नियम बाईंचाच. पाळला सगळ्यांनी.

बाईंना रागवायचं होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. आजवर आपण नियम मोडणाऱ्यांवर डाफरत आलो, आणि या खेपेला एक तरी माणूस नियम मोडणारा निघाला असता तर किती बरं झालं असतं. इतक्या वर्षांत कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्यांच्या तोंडून एकदम बाहेर पडली.

"मला जायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला इथून कुठंही जायचं नाही."

मोठ्या बाई पोरांच्या बुटक्या स्टुलावर मटकन बसल्या. मग उठल्या, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नाही जायचं तुम्ही. नव्या मुलीला खालच्या वर्गांवर घेते, तिथं माणूस हवाच आहे. संस्थेला आत्ताच फोन करते. चूक माझी आहे, पालकांनाही मीच सांगेन." आणि त्या तडक आपल्या खोलीकडे गेल्या.

बाईंच्या जिवात जीव आला. सरांनी आणलेलं पाणी त्या घटाघटा प्यायल्या, तोंड धुतलं आणि मुलीला सांगायला बाहेर निघाल्या.

मुलगी व्हरांड्यात मोठ्या बाईंच्या खोलीसमोरच्या बाकावर बसली होती. देखाव्याचं खोकं तिनं मांडीवर घेतलं होतं. बाईंनी सगळं सांगून टाकलं, जरा हसत हसतच. कसा गोंधळ झाला, कुणी कसं विचारलं नाही, आणि आता कसं सगळं निस्तरलं. "मी आपलं तोंडानं म्हणते गं. कुणी मनावर घेतं का ते?"

मुलगी खोक्यातल्या कागदी नळावरून बोट फिरवत राहिली.

"काय झालं?"

"मलाही सांगायचीस ना दर वर्षी," ती म्हणाली. "फोनवर. हे शेवटचं, आता तुझ्याकडेच येते म्हणून."

"अगं, ते..."

"दर वर्षी मी मागची खोली रिकामी करते, आई. धुते, पलंग लावते. शाळा सुरू झाली की पुन्हा सामान भरते. यंदा तुझ्या मोठ्या बाईंचा फोन आला, तेव्हा यांना म्हटलं, या वेळी नक्की येतेय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आपलं ते बोलणं कुणी खरं मानत असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या बाकावर बसल्या. मुलीच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून उचलला, पण तो तसाच मांडीवर परत आला.

आत मोठ्या बाई फोनवर मोठ्या आवाजात कुणाला तरी समजावत होत्या. "नाही, नाही, त्या येणार आहेत पुढच्या वर्षी," त्या म्हणत होत्या. "मी स्वतः विचारलं त्यांना. त्यांना कुठंच जायचं नाहीये."

दार उघडं होतं, आणि मुलगी ऐकत होती.