सटवा, कोयता एक, दीडशे किलो

कडा गावच्या ईश्वरप्पांचा रुद्रेश बापाच्या किराणा दुकानात बसायला राजी नव्हता. अंबाजोगाईत खोली करून त्यानं कॉम्प्युटरची पदवी काढली आणि दोन हजार चार साली माजलगावात सुंदररावांच्या ऑफिसात चिकटला. सुंदरराव म्हणजे वाहतूक ठेकेदार. साठ ट्रक, दोन जीपा, आणि सभा कुणाचीही असो, खुर्ची पहिल्या रांगेत. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. त्यांना नेणारे निम्मे ट्रक यांचे. आता कारखानेवाले हट्टाला पेटले होते, की हिशेब कॉम्प्युटरवर द्या. म्हणून रुद्रेश.

पोरगं हुशार. सगळा प्रोग्राम पहिल्यापासून लिहीत बसण्याएवढं खुळं नव्हतं. सायबर कॅफेत तीन तास बसून त्यानं मालवाहतुकीची एक तयार जावा लायब्ररी सीडीवर उतरवून आणली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. परदेशातल्या कुणी आधीच लिहून फुकट वाटलेला कोड. त्यात गाडी होती, फेरी होती, थांबे होते, माल होता. आपण फक्त भरायचं: गाडी कोणती, कुठून कुठं, माल कसला, नग किती, वजन किती. महिन्यात काम उभं राहिलं. सुंदरराव पाहुण्यांना खोलीत आणून दाखवायचे, "बघा, पुण्याला मागं टाकलं आपल्या पोरानं." रुद्रेशची मान ताठ व्हायची.

हंगाम लागला, ट्रकांत माणसं भरायला लागली, तेव्हा गाडं अडलं. लायब्ररी मालाची. तिच्यात माणसांना जागाच नव्हती. रुद्रेशनं मालाच्या जागी 'कोयता' लिहिलं, नग बारा लिहिले, वजन शून्य टाकलं. पडद्यावर लाल ओळ आली: वजन शून्य चालत नाही.

टोळीचा मुकादम आप्पाराव तिथंच पान जमवत बसला होता.

"मुकादम, एका कोयत्याचं वजन किती धरू?"

"कावून? तोलून नेतो का काय आता?" आप्पाराव हसला. "नवरा-बायको दोघं, भांडीकुंडी, ज्वारीचं गठुडं. धर दीड क्विंटल. शेळी असंल तर वरती."

रुद्रेशही हसला. प्रत्येक नगाला एक नाव लागत होतं. आप्पारावनं बारा गड्यांची नावं सांगितली, त्यानं बारा टाईप केली. सटवा, कोयता एक, दीडशे किलो. लाल ओळ गेली.

तिसऱ्या दिवशी तो ट्रक घाटात उलटला. अकरा जोड्या हातपाय मोडून निभावल्या. सटवाची बायको छबुबाई ट्रकाखाली आली.

सुंदरराव दुपारी खोलीत आले. बसले नाहीत.

"रुद्रेश, त्या गाडीत काय होतं?"

"आप्पारावची टोळी, दादा."

"मालट्रकात माणसं नेता येत न्हाईत, माहीत हाय ना तुला? गाडीत खत होतं. माणसं वाटेत हात दाखवून चढली, ती डायवरची चूक. बदल ते."

रुद्रेशनं नोंद उघडली. नग बारा, वजन अठराशे किलो. पन्नास किलोच्या गोणीनं छत्तीस गोण्या. वजनाची बेरीज हलवायची गरजच पडली नाही. 'कोयता' पुसून 'खत' लिहायचं, नग छत्तीस करायचे, नावांच्या जागी गोण्यांचे नंबर टाकायचे, की झालं. त्यानं आधी जुन्या नोंदीची एक प्रत छापली, घडी घालून खिशात टाकली. मग बदल केला. लायब्ररीनं काही हरकत घेतली नाही. भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. पंख्याचा आवाज तेवढा मोठा वाटला.

आठवड्यानं सटवा आला. डोक्याला पट्टी, हातात चपला. दारातच उभा राहिला.

"मास्तर, चौकशीला सायेब आलेत. म्हनतेत, तुजी बायकू टोळीत न्हवतीच, वाटंत चढली. कागद मागतेत. मुकादम तर दुसरी टोळी घिऊन खाली कारखान्यावर गेला. तुमच्या मशिनीत आसंल की."

रुद्रेश उठला. ऑफिसची चावी टेबलावर ठेवली आणि त्याच्यासोबत निघाला. का निघाला, हे त्याला पुढं कुणालाच धड सांगता आलं नाही.

चौकशीचे साहेब परजिल्ह्यातले. त्यांच्यापुढं आधीच एक कागद होता, सुंदररावांच्या ऑफिसचा, शिक्क्याचा. रुद्रेशनं खिशातली घडी उलगडून शेजारी ठेवली. साहेबांनी दोन्ही वाचले.

"हा कुणी छापला?"

"मी."

"आणि हा खताचा?"

"तो बी मीच."

"मग तुमचं कोणतं खरं धरायचं?"

"पहिलं. दुसरं मला करायला लावलं."

"बरं, पहिलं खरं धरू." साहेबांनी बोट ओळीवर फिरवलं. "सटवा, कोयता एक. यात बाई कुठं आहे?"

"एका कोयत्यात दोघं असतात, साहेब. नवरा अन् बायको."

"हे कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं कुठंच नव्हतं. बीडात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं, म्हणून कुणी लिहीत नाही. मुकादम लिहीत नाही, कारखाना लिहीत नाही. त्यानंही लिहिलं नव्हतं. शेऱ्याची जागा लायब्ररीत होती. भरायची सक्ती नव्हती, म्हणून बाराही ठिकाणी रिकामी सोडली होती.

"मास्तर, छबूचं नाव वाचा की," सटवा म्हणाला.

"नाही त्यात."

"ती माज्या मांडीला मांडी लावून बसलीती."

साहेबांनी जबाब लिहिला: मयत महिला वाहनात असल्याची नोंद आढळली नाही. खाली रुद्रेशची सही मागितली. रुद्रेशनं पेन घेतलं आणि सहीच्या आधी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'एका कोयत्यात दोन माणसं असतात. बाराही नोंदींत बायकांची नावं मी घातली नाहीत. सटवाच्या बायकोचं नाव छबुबाई.' मग सही केली.

"ओ, जबाबात असं घुसडता येत नाही!"

"मग फाडा. मी पुन्हा असंच लिहीन."

साहेबांनी फाडलं नाही. टाचणी मारून फायलीत लावलं. पुढं त्या फायलीचं काय झालं, ते विचारायला रुद्रेश चारदा गेला. चारही वेळा साहेब दौऱ्यावर. सुंदररावांनी दुसरा पोरगा ठेवला. रुद्रेश कड्याला दुकानात बसला. ईश्वरप्पांनी कारण विचारलं नाही, फक्त गल्ल्यावरून उठून त्याला जागा दिली.

सटवा जबाबाच्या आठवड्यातच टोळीत परत गेला होता. एकटा गडी, म्हणून आता त्याला अर्धा कोयता धरतात.