चाकातली हवा

तिशीत असताना मी एका धडधाकट सायकलच्या चाकातली हवा स्वतःच्या हाताने सोडली आणि सगळ्यांना सांगितलं, पंक्चर झालं.

कारण एवढंच, की मला सायकल येत नव्हती. पण लग्न होऊन बंगळूरला आल्यावर ह्यांच्या ऑफिसच्या कॉलनीत मी सांगून ठेवलं होतं की पुण्याच्या मुली चालायच्या आधी सायकल शिकतात. प्रत्यक्षात पुण्यात मी सायकलवर बसले ती भावाच्या कॅरिअरवर, पाय एका बाजूला सोडून. शेजारच्या अक्कांचे डोळे मोठे झाले की मात्र मला फार बरं वाटायचं.

मग ऑफिसची सहल निघाली, नंदी डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षमळ्यांत. अर्कावती नदीच्या काठाने तीनेक किलोमीटरची वाट आणि शेवटी बंधारा. गावातल्या दुकानातून भाड्याच्या सायकली आणलेल्या. अक्का म्हणाल्या, "पहिली पुण्याच्या बाईंना द्या." मी पदर खोचला, सायकल द्राक्षांच्या मांडवामागे नेली आणि वॉल्व्हचा नट सैल केला. मग ते बसलेलं चाक बंधाऱ्यापर्यंत ढकलत नेलं, रस्त्याला, दुकानदाराला नावं ठेवत. हेही उतरले आणि आपली सायकल ढकलत माझ्याबरोबर चालले. ती तिशीतली मी आज भेटले तर मला आधी चहा पाजीन, मग कान पिळीन.

यंदा सूनबाई म्हणाली, "आई, त्या नंदीच्या मळ्यांत आता वाइन करतात. नदीकाठी चालायला आणि सायकलिंगला छान ट्रेल केलाय, पार बंधाऱ्यापर्यंत. बाबांना घेऊन जाऊ या?"

बंधारा म्हटल्यावर माझं ठरलं. ह्या वेळी जायचं ते सायकलवरून, आणि बंधारा येईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. मला सायकल येत नाही, तेवढं खरं सूनबाईला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मंडेपासून. सहा वाजता. पार्कमागच्या गल्लीत."

मारतहळ्ळीच्या ऑफिसला निघण्याआधी रोज तासभर ती माझ्या सीटला धरून जे. पी. नगरच्या त्या गल्लीत धावायची. "आई, पुढे बघा. चाक पळून जात नाहीये." कोपऱ्यावरची फुलवाली मोगरा ओवता ओवता म्हणायची, "स्वल्प निधान, अज्जी." हळू जायला माझी काही हरकत नव्हती, हळू गेलं की पडत होते ना. दोनदा गटाराच्या कठड्यावर, एकदा थेट फुलांच्या टोपलीत. घरी सांगितलं होतं की प्राणायामाच्या वर्गाला जाते.

"प्राणायामात कोपर सोलतं?" ह्यांनी विचारलं.

"नीट केलं तर सोलतं," मी म्हटलं.

दीड महिन्याने आम्ही तिघं गेलो. ह्यांनी आधी वाइनचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "द्राक्षासव बरं ह्याच्यापेक्षा." गुडघ्यांमुळे हे चालत येणार होते. मी सायकल मागितली तेव्हा ह्यांनी चष्मा पुसला. सूनबाई पुढे जाऊन बंधाऱ्यावर थांबली.

वाट तांबड्या मातीची. डावीकडे नदी, होती तेवढी, उजवीकडे तारांवर चढवलेल्या वेली. पहिल्या चढाला हँडल थरथरायला लागलं. मागून तरुण पोरांची टोळी घंटी वाजवत आली. मी बाजूला झाले नाही. बाजूला होणं अजून शिकायचं होतं. टोळीच गवतातून गेली. एका वळणावर सायकल नदीच्या उताराकडे ओढायला लागली, आणि पाय टेकवावा असं इतकं वाटलं की दात आवळले. टेकवला नाही. शेवटच्या टप्प्यात वाऱ्याने ओढणी तोंडावर आली, तर तशीच चावून धरली आणि पायडल मारत राहिले. बंधाऱ्याच्या कठड्याला चाक लागलं तेव्हाच पाय खाली ठेवला.

हे अर्ध्या तासाने पोचले आणि माझ्याशेजारी कठड्यावर बसले. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकावं म्हणून मी सुरुवात केली, "अहो, ते तेव्हाचं पंक्चर..."

हे म्हणाले, "पंक्चर नव्हतं, ते दुकानदाराने मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. तेव्हा मी तुझ्यासाठी उतरून चाललो होतो, आता परत जाताना तू उतर."