रेघ न मारलेला दगड

बाई गेल्याचा निरोप शेजारच्या वाण्याकडच्या फोनवर आला. मुंबईच्या इस्पितळातून त्यांच्या भाच्यानं कळवलं होतं. वाण्यानं फरशी कापायच्या मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगितलं आणि मी मशीन बंद न करता तसाच उभा राहिलो. पात्यावर पाणी पडत होतं... ते पाणीसुद्धा बाईंचंच.

मी बीडकडचा. चौथीत शाळा सुटली, मग हिंडत हिंडत रत्नागिरीत फरशा कापायला लागलो. तेव्हा कोरडंच कापायचो, सगळी भुकटी छातीत. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. एक दिवस पिशवीतून पांढरा, भोकाभोकांचा दगड घेऊन आल्या आणि याच्या पातळ चकत्या होतील का म्हणून विचारलं. मला खोकल्यामुळं उत्तर देता येईना. त्यांनी दगड परत पिशवीत घातला आणि मला सिव्हिलमध्ये नेलं, स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. एक्स-रेवाल्याला म्हणाल्या, "आधी यांच्या छातीचा फोटो काढा, मग माझ्या दगडाचा." त्याला थट्टा वाटली, पण दोन्ही फोटो निघाले. त्यानंतर बाईंनी मालकाशी भांडून पात्यावर पाण्याची नळी बसवून घेतली. आज श्वास घेतोय तो त्यांच्यामुळं, आणि हे लिहितोय तेही. दुपारी पेपर पुढ्यात टाकून "वाचा मोठ्यानं" म्हणायच्या.

तो दगड म्हणजे पोवळ्याचा सांगाडा. बाई सांगायच्या, हा जीव दरवर्षी अंगावर एक थर चढवतो आणि त्या वर्षी पाण्यात जे असेल, तांबं, जस्त, शिसं, ते थरात अडकून राहतं. खाडीच्या तोंडाशी कारखाना आला, त्याचा नाला पाण्यात सुटला आणि खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं मरायला लागली. कालवं काढून विकणारी यमुनाकाकू रिकामी टोपली घेऊन बाईंच्या दारात बसली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. कारखान्याआधीचे थर स्वच्छ आणि नंतरचे खराब निघाले असते, तर नाला बंद करा असं ठणकावून म्हणता आलं असतं. बाई एक्स-रेत दिसणारे थर बघून दगडावर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारायच्या आणि मी रेघेवर कापायचो. रेघ जरा चुकली तर सगळी वर्षं एकमेकांत मिसळतात. पात्याचं लोखंड दगडाला लागून तपासणी बिघडेल अशी मला भीती वाटायची. "वरचं मी खरवडून टाकते," त्या म्हणायच्या. "घाटावरच्या माणसांनी बोटं तेवढी सांभाळावीत."

मुंबईहून तपासणी होऊन आली. पंचायतीत कारखान्याचा साहेब कागद वाचून हसला नाही, हे त्याचं चांगलं. शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही नव्हतो तेव्हाच्या थरातही शिसं तेवढंच आहे की." बाईंनी कागद पिशवीत घातला. परत येताना बाई, यमुनाकाकू आणि मी खडकातल्या देवापाशी थांबलो. बोटी पाण्यात घालायच्या आधी प्रत्येक घर त्या देवाला शेंदूर थापतं आणि भरती तो धुऊन नेते. आमचं पोवळं त्याच्याच पायथ्याच्या डबक्यातलं होतं.

"काकू, शेंदरात शिसं असतं," बाई हळू म्हणाल्या.

यमुनाकाकूनं देवाच्या अंगावरून बोट फिरवून बघितलं. "म्हंजे इख आमीच घातलं म्हन की."

"तुमचं थोडं. त्यांचं किती, ते या दगडात आता वेगळं काढता येत नाही."

त्या वर्षी काकूनं घरोघर जाऊन देव शेंदराविना कोरडा ठेवायला लावला. लोक तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पोटातलं दुखणं लपवून बाई ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि देवापासून लांबच्या खडकातून काकूच्या मदतीनं दुसरं पोवळं काढून आणलं. माझ्याकडं ठेवून म्हणाल्या, "वाळू दे. मुंबईहून आले की रेघ मारते. तोवर हात लावू नका..."

त्या आल्या नाहीत. कॉलेजात गेलो, तर त्यांच्या जागी आलेले सर चांगले आहेत, चहा पाजला, पण त्यांचा विषय बेडूक. म्हणाले, हे मला जमायचं नाही. बाजारच्या दिवशी यमुनाकाकू दुकानापुढं उभी राहते. टोपलीत आता दुसऱ्या गावचे बोंबील असतात. "कापलास काय रं?" विचारते. "पोरं म्हनतायत, बाई गेली, आता देवाला शेंदूर लावूया. मी किती दिस धरून ठेवू?" मी उद्या म्हणतो. तिला कळतं, तरी पुढच्या बाजाराला परत विचारते. रात्री मला वाटतं, नालाही चालू, शेंदूरही चालू, आणि खरं काय ते माझ्या फळीवर बंद पडून राहणार. हे वाचणाऱ्यांत कुणाला अशी रेघ मारता येत असेल, तर या. दगड मी कापून देईन.

दगड वाळून खडखडीत झालाय. फरशीची धूळ त्याच्या भोकांत बसू नये म्हणून त्याच्यावर धुतलेलं फडकं घालून ठेवतो. निळी पेन्सिल डब्यात आहे. काल तिला टोक काढलं, फडकं उचललं, पेन्सिल दगडाजवळ नेली... आणि परत डब्यात ठेवली.